सही सुप्रियाची, अंगठा माझा

लासुर्णे, ता. इंदापूर
८ ऑगस्ट २०२४, उद्या नागपंचमी

मोने,

आशीर्वाद घे. नको असंल तर बाजूला ठिव, नासत न्हाय त्यो.

हे अक्षर शेजारच्या साखरबाईचं हाय. अंगणवाडीतनं रिटायर झाल्यापास्नं तिला लिहायला काय उरलं न्हाय आन् मला लिहिता येत न्हाय, म्हणून आमची जोडी जमली. पयल्यांदा म्हणली, काकू, तुमी सांगा, मी शुद्ध करून लिहिते. मी म्हणलं, शुद्ध केलंस तर नातीला वाटंल आजी मेली आन् दुसरीच कोण तिच्या नावानं लिहितीया. बोलते तसं लिही.

फोन का केला न्हाय म्हणशील. रणजितनं तुझा नंबर माझ्या फोनात बंद करून ठिवलाय, आन् घरात एकजण फोनवर बोललं की बाकीचे कान लावत्यात. पत्र निस्तं साखरबाई ऐकती. तिच्या सुनेला ठाऊक न्हाय असं एक मला ठाऊक हाय, त्यामुळं ती कुठं बोलायची न्हाय.

बाटलीतलं कुठवर आलं?

साखरबाई पेन थांबवून इचारती, कसलं बाटलीतलं. तिला सांगावं लागंल, न्हायतर मनचं काहीबाही लिहील. तर ऐक गं. ही मोना, माझ्या लेकाची लेक. आईबाप गेल्यावर हिला आन् हिच्या भावाला, रणजितला, मी वाढवलं. ही शिकली ती इतकी शिकली की समुद्रापल्याड जाऊन माणसाच्या डोक्यात काय असतं ते बघत बसली. मी म्हणायचे, बाई, आपल्या गावच्या सरपंचापास्नं सुरुवात कर, लवकर उरकंल.

मग रणजितच्या सोनमला ते दुखणं लागलं. तीन वर्षांची व्हती तवा अख्ख्या केळीच्या बागंला पळत येढा मारून यायची. पाचव्या वर्षी शब्द गळायला लागले. आधी गाणी गेली, मग माणसांची नावं, सगळ्यात शेवटी 'आई' गेलं. मग पाय गेले. बारामती झाली, पुणं झालं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ही मोना आली आन् पोरीच्या दंडाचं मसुराएवढं कातडं काढून घिऊन गेली. त्या कातड्यातनं बाटलीत डोकं वाढवायचं. पुरतं न्हाय, मिरीएवढं ठिपकं. आन् त्यात बघायचं की सोनमचं बिघडलं कुठं. कळलं? आता पुढं लिही.

मोने, तुझी वहिनी रोज इचारती. सुप्रियानं अंगणात चार बांबू रोवून हिरव्या नेटचं छप्पर केलंय. टिश्यूकल्चरच्या रोपवाटिकेत चार वर्षं कामाला व्हती ती, तिला ठाऊक हाय, बाटलीतलं केळीचं रोप एकदम उन्हात ठिवलं की जळतं. आधी नेटखाली ठिवून हवेची सवय लावावी लागती. त्याला ती हार्डनिंग म्हणती. नेटखाली तिनं पाळण्याचा दोर बांधलाय आन् बसून झबली शिवती. बारकी बारकी, तान्ह्याची. मी हसून म्हणलं, अगं, बाटलीच्या मापाची शिव. ती बी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सोनमचं म्हणशील तर ती आता रडत न्हाय. तिचं काय दुखत बी न्हाय. तेवढं बास.

रणजितनं तुला हाकललं ते मनात धरू नको. बापय माणूस, त्याला बोलता येत न्हाय म्हणून असं वागतो. उत्तर साखरबाईच्या पत्त्यावर धाड.

तुझी आजी, फुलाबाई
(अंगठ्याला शाई जास्त लागली. ते काळं झालंय ते मीच हाय.)


लासुर्णे
२५ सप्टेंबर २०२४, पितृपक्ष

मोने,

तुझं पत्र पोचलं. साखरबाईनं तीनदा वाचलं. पयल्यांदा तिला कळलं न्हाय, दुसऱ्यांदा मला कळलं न्हाय, तिसऱ्यांदा आमी चहा केला. मग जरा उजाडलं.

तू म्हणतीस, लाखो वर्षांमागं कुणा आजीला व्हायरस झाला आन् ती मेली न्हाय. व्हायरस बी मेला न्हाय. तिच्या बेण्यातच शिरला आन् लेकीनातींच्या वाटणीला येत राहिला. आता हरेक माणसात शंभरात आठ वाटे त्याचे. मी साखरबाईला म्हणलं, तुझ्या सुनंत बारा निघतील. हे ती लिहीत न्हवती, लिहायला लावलं.

आमाला व्हायरस ठाऊक हाय तो पपईचा. पान आकसलं की झाड उपटायचं, खड्ड्यात घालायचं, पुढं जायचं. तुझा व्हायरस निराळा. चोर म्हणून घरात शिरला आन् घरजावई होऊन राहिला. बहुतेक मोडकेतोडके, कोपऱ्यात पडून असत्यात. पर बाळ पोटात असताना डोकं घडायची येळ आली की त्यातले काही उठून कामाला लागत्यात, कुठनं काय घडवायचं ते सांगत्यात. काम झालं की त्यांना परत कुलपात घालायचं. आन् सोनमचं ते कुलूपच ढिलं व्हतं, नको ते नको तवा उठले, असं तुला वाटतं. 'वाटतं' हे तू चारदा लिहिलंस. एवढं शिकून वाटतंच म्हणायचं असंल तर आपला देवरुषी काय वाईट व्हता? तो निदान कोंबडं तरी खायचा.

दोन पानं व्हायरसवर लिहिलीस आन् शेवटी एक ओळ, की सोनम कशी हाय ते तू नीट सांगितलं न्हाईस, आजी. पकडलंस. शिक्षण वाया गेलं न्हाय.

सोनम गेली. दोन जूनला, सकाळी, नवाच्या सुमारास. सुप्रिया तिचे केस विंचरत व्हती. मधला भांग पडला, एका बाजूची येणी झाली, आन् दुसऱ्या बाजूला हात घातला तवा ती न्हवती. सुप्रियानं दुसरी येणी बी घातली, मगच हाक मारली.

तुला कळवायचं न्हाय असं घरात ठरलं. कुणी ठरवलं ते इचारू नको.

आता जे सांगायला हे पत्र घातलं ते सांगते. सुप्रिया रडली न्हाय. पोरीला न्हाऊ घालताना माझ्या कानाशी येऊन म्हणली, "आजी, हिचं बेणं ताईंकडं आहे ना?" मी म्हणलं, हाय. तेवढ्यावर ती उठली, कंबर बांधली आन् आल्यागेल्याचा चहा करायला लागली. बायका म्हणल्या, काय धीराची हाय. धीर न्हवता तो. वाट बघणं व्हतं.

तिला वाटतंय तू बाटलीत नवी सोनम वाढवतीस. केळीसारखी. रोगट झाडाचा चांगला तुकडा घ्यायचा, बाटलीत धुऊन निर्मळ करायचा, त्याचं रोप करायचं, आन् रोप तेच असतं, त्याच झाडाचं, निस्तं रोगाबिगर. परवा पितरांना पानं वाढली तवा मी सोनमच्या नावचं एक काढलं. तिनं ते उचलून पुरणाच्या परातीत परत पालथं घातलं. म्हणली, जी यायचीय तिला पान कशाला. रणजित उठून बागंत निघून गेला. त्याला दुसरं लेकरू पायजे. ती म्हणती, आहे ते आधी येऊ दे.

हे तिच्या डोक्यात कुठनं आलं, मला काय ठाऊक. रोपवाटिकेतली बाई, तिचं तिनंच जुळवलं असंल.

तर एकच सांग. व्हायरस धुऊन निघतो का? तुला 'वाटतं' न लावता सांग.

फुलाबाई


लासुर्णे
१७ नोव्हेंबर २०२४

मोने,

तुझ्या पत्रातलं शेवटचं पान साखरबाईला वाचवंना, ती नाक शिंकरत बसली. मी म्हणलं, आण हिकडं, मी वाचते. तेवढ्यानं हसली आन् वाचलं.

"धुऊन निघत नाही, आजी. केळीत व्हायरस बाहेरून येतो, तो काढला की केळ उरते. माणसातला काढला तर डोकंच घडत नाही. जो बिघडला, घडवणाराही तोच होता."

हे मला तोंडपाठ झालंय. साखरबाईनं येवढ्यांदा वाचलं न्हाय जेवढ्यांदा मी म्हणलंय.

तू लिहितीस की त्या मिरीएवढ्या ठिपक्याला तोंड न्हाय, डोळं न्हाईत, त्याला काय दुखत न्हाय आन् काय कळत न्हाय, ते सोनमच्या कातड्यापास्नं झालं पर सोनम न्हवं. आन् मार्चमधी तुमचं ते काम बंद व्हणार, मग ते ठिपकं बी ठिवत न्हाईत. फोटो धाडलास तो बघितला. भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसतंय. कनवटीला खोचलाय, कुणाला दावला न्हाय.

तू म्हणतीस, सुप्रियावहिनीच्या मनात हे कुणी भरलं ते मला कळलं पाहिजे, मी फोन करून समजावते. नको. साखरबाई, आता लिहिताना माझ्याकडं बघू नको, कागदाकडं बघ.

मी भरलं.

त्या फेब्रुवारीत तू कागद घिऊन बसली व्हतीस, सुप्रियाच्या सहीचा. मराठीत व्हता. तू कातडं काढायची सामग्री धुवायला मोरीत गेलीस. सुप्रिया वाचत व्हती. पयल्याच पानावर अडली, परत परत तेच वाचत व्हती. मला वाटलं, ही न्हाय म्हणणार. पोरीला सुई न्हाय लावू देणार, आन् तू येवढ्या लांबनं आलेली मोकळी जाणार. मी कागदावर हात पालथा ठिवला. म्हणलं, वाचतीस काय, मी सांगते काय लिहिलंय ते. केळीचं करत्यात तसंच करायचंय. बाटलीत धुऊन नवं रोप. मोना कबूल करणार न्हाय, सरकारी नेम असतो, आधी खातरी द्यायची न्हाय. पर करणार हाय.

अंगठाछाप बाईनं बारावी शिकलेलीला कागद वाचून दावला, आन् तिनं ऐकला. सही तिनं केली. साक्षीला अंगठा माझा. तुझ्या हापिसात त्या कागदावर माझं जे काळं बोट हाय ना, ते ह्या खोट्याचं हाय.

दुसरं. संध्याकाळी जेवताना तू म्हणलीस, सोनम बरी व्हणार न्हाय, वरीसभर, दीड वरीस. रणजित मान खाली घालून बसला व्हता, त्यानं हूं का चूं केलं न्हाय. तुझ्या फुडचं ताट मी ओढलं. असलं बोलणारीला ह्या घरात भाकरी न्हाय असं तुझा भाऊ म्हणतोय, म्हणलं; बोलणं माझंच व्हतं. तू अर्धी भाकरी हातात घिऊनच उठलीस. तवापास्नं ते मी रणजितच्या नावावर खपवलं. तुझा नंबर बी मीच बंद करायला लावला. त्या रातच्या भांड्यांच्या येळंला सुप्रिया म्हणली, ताई तर न्हाय म्हणाल्या. मी म्हणलं, ती ह्या सोनमचं बोलती, नव्या सोनमचं न्हाय. बघ, खोटं कसं असतं. तुझं खरं बी त्यानं पोटात घातलं.

आन् पोर गेली तवा तुला कळू दिलं न्हाय ते बी मीच. तू आली असतीस तर सुप्रियाच्या गळ्यात पडली असतीस आन् खरं बोलली असतीस.

मला वाटलं व्हतं सहा म्हयने सरतील, बाई इसरंल. कोण इसरतं? गेल्या आठवड्यात छातीत कळ आली, चार दिस बारामतीला दवाखान्यात व्हते. पलंगावर पडून एकच मनात. मी गेले तर हे खोटं खरं होऊन बसंल. सुप्रिया म्हणंल, आजी सांगून गेली. म्हातारी होईस्तवर त्या नेटखाली बसंल.

हे मलाच काढायला पायजे. कसं काढायचं ते ठाऊक न्हाय. तीनदा तिच्याम्होरं बसले. एकदा लसूण सोलून दिला. एकदा सुई ओवून मागितली तर ओवून दिली, झबल्यासाठी. एकदा म्हणले, सुप्रिये. ती म्हणली, काय आजी. मी म्हणले, काय न्हाय.

थट्टा करायला ही जीभ चार गावांत नावाजलेली. तितंच थोटी पडती.

फुलाबाई


लासुर्णे
१० जानेवारी २०२५

मोने,

साखरबाई लेकीकडं सुप्याला गेलीया, बाळंतपणाला. हे अक्षर निराळं दिसंल. वळणदार हाय, रेघ सोडत न्हाय. सुप्रियाचं हाय.

तिला मी म्हणलं, मोनाला पत्र धाडायचंय, लिही. ती म्हणली, तुमी ताईंना पत्रं लिहिता? मी म्हणलं, मी कुठं लिहिते. मी बोलते तेच लिही, गाळू नको, वाढवू नको. तू म्हणशील ही मनचं लिहीत असंल, तर बघ, हे बी लिहिलं तिनं.

ऊस गेला. कोऱ्हाळ्यावनं सुप्रियाचा भाऊ येऊन गेला, चार दिस चल म्हणला, ही गेली न्हाय. नेट वाऱ्यानं एका बाजूनं फाटली व्हती, हिनं शिवली. लिही की, तुझंच हाय.

आता मी जे सांगते ते मोनाला सांगते. मोनाला ठाऊक हाय. तरी सांगते.

मोने, तुझ्याकडं नवी सोनम न्हाय. बाटलीत मिरीएवढं ठिपकं हाय, त्याला तोंड न्हाय. त्याचं रोप व्हत न्हाय. केळीचं व्हतं, माणसाचं व्हत न्हाय. लिही, सुप्रिये. केळीचा व्हायरस बाहेरचा. आपला व्हायरस आपल्या डोक्याचा गवंडी हाय, लाखो वर्षांमागं आला आन् राहिला. तो धुतला तर भिंतच उभी राहत न्हाय. सोनमच्या भिंती त्यानंच बांधल्या, त्यानंच पाडल्या. पाडताना त्याला कुणी थांबवला न्हाय, तुलाबी थांबवता आला न्हाय, म्होरल्याला येईल का ठाऊक न्हाय. कुणाच्या बेण्याचा गुन्हा न्हाय, हिच्या बी न्हाय, रणजितच्या बी न्हाय.

मोनानं असं कवा म्हणलंच न्हवतं. मी म्हणलं. कागदावर हात पालथा ठिवून मी खोटं सांगितलं, आन् सुप्रिया माझ्या तोंडाकडं बघून सही करून मोकळी झाली. माझ्या तोंडाकडं बघू नको आता, कागदाकडं बघ. लिही. थांबलीस का? थांबलीस ते बी लिही.

सोनम दोन जूनला गेली. ती येणार न्हाय. नेटखाली कोण येणार न्हाय.

मार्चमधी तुमी ते ठिपकं टाकणार, ते बी हिला कळू दे.

मला माफ कर असं मी म्हणत न्हाय. मागायची येळ ती न्हवती आन् ही बी न्हाय. हे तुझ्यासाठी न्हाय, मोने, हिच्यासाठी सांगितलं. समोर बसून सांगता येईना. तुला आपली मधी घेतली, इस्तव उचलायला चिमटा घेत्यात तशी.

झालं. एवढंच.


ताई, आजींनी सांगितलं ते सगळं लिहिलं आहे. एक शब्द गाळला नाही.

आजी भिंतीकडं तोंड करून बसल्या आहेत. अंगठा घ्यायचा राहिला. शाईची डबी आणली, पण त्या हात पुढं करत नाहीत. मी ओढला नाही. फोटो त्यांनी कनवटीतून काढून माझ्यासमोर ठेवला, उलटा. थोड्या वेळानं मी सुलटा केला.

तो कागद मी वाचला होता, ताई. पहिल्याच पानावर होतं, यातून आपल्या मुलीला कोणताही फायदा होणार नाही. आजींनी हात ठेवला तेव्हा त्या ओळीवरच ठेवला. मला हात उचलता आला असता. हलका होता. मी उचलला नाही. हे आजींना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते ठरलं नाही. आता आमच्या दोघींच्यात ते एवढंच शिल्लक आहे.

एक विचारायचं होतं. रोपवाटिकेत बॅच खराब निघाली की बाटल्या वाफेत उकळून घेतात आणि आतलं शेडच्या मागच्या खड्ड्यात ओततात. ते काम माझ्याकडं होतं. खड्डा उथळ होता, वरून माती लोटायचो. तुमच्याकडं कशात टाकतात? नुसतं जाळतात का कुठं पुरतात? मोठी जागा नसेल, माहीत आहे. पण ठिकाण असेल काहीतरी. तेवढं लिहा.

नेट तोपर्यंत राहू दे म्हणते. त्या दिवशी सोडीन.

तारीख कळवा. वेळही कळवा, तिथली आणि इथली, दोन्ही.

सुप्रिया